चवडा टेकेपर्यंत

हणमंताचं पत्र दिवाळीच्या आगेमागे आलं आणि उन्हाळा सरत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सुरुवातीला शालननं बोलून पाहिलं. मग तिनं बोलणं सोडलं आणि रोज सकाळी माझा चहाचा कप त्या पत्रावर ठेवायला सुरुवात केली. कपाच्या बुडाचे गोल डाग एकावर एक पडून पत्त्याची बाजू तपकिरी झाली होती.

हणमंता म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. फौजेतून निवृत्त होऊन आता नगरला असतो. फोनवर मला धड बोलता येत नाही हे सासरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यानं पत्र लिहिलं असणार. किंवा माझ्याशी बोलायची त्यालाच सवय राहिली नसेल. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर 'कधी आलात', 'जेवण झालं का', एवढंच. बाकी चाळीसेक वर्षांत आमच्यात काही नव्हतं.

पत्र लहान होतं. नातीनं मोटारसायकल घेतली आहे, पोरगी उंचीला कमी आहे, पाय जमिनीला पुरत नाहीत, दुकानात विचारलं तर जो तो वेगळं सांगतो. 'दाजी, तुम्ही त्या वेळी आबांच्या गाडीची सीट कापून घेतली होती आणि पुढे पुष्कळ वर्षं चालवली. कशी कापून घेतली आणि कुणाकडून, ते सविस्तर कळवावे.'

कशी, ते मी झोपेतही सांगितलं असतं. कुणाकडून, या शब्दापाशी आलो की मी पेनाचं टोपण लावून ठेवत असे.

लग्न झालं तेव्हा मी कोरेगावच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. उंची पाच फुटांच्या अलीकडे. वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला माझ्यासाठी एक लाकडी स्टूल होतं. पोरं त्या स्टुलालाही 'सर' म्हणत. शालन माझ्याहून चार बोटं उंच. तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, सुभेदार ज्ञानू शिंगट्यांना, जावई शिकलेला हवा होता. उंची त्यांनी पाहिली नाही, किंवा पाहून ते गप्प बसले. ते स्वतः दारातून वाकून आत येणारे. फौजेत खेचरांच्या पलटणीत होते, आणि खोगिरं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं ते स्वतःच सांगत. खडकवाडीला परतल्यावर त्यांनी लष्करी लिलावातली एक मोटारसायकल घेतली. काळी, उंच, कातड्याची सीट, सीटखाली जाड स्प्रिंगा. गाव तिला सुभेदाराची घोडी म्हणायचं.

आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला जावई रुसतो. पान वाढलं तरी हात लावत नाही. मग सासरची माणसं विचारतात, काय पाहिजे, घड्याळ की अंगठी. थोडी थट्टा होते, काहीतरी कबूल होतं, जावई घास घेतो. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, मला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. मी सांगितल्याशिवाय घास उचलायचा नाही, आणि काही विचारलं तर नुसती मान हलवायची.

मला काही नको होतं. अगदी खरं सांगायचं तर एक मोठा शब्दकोश हवा होता, पण एवढ्या पंगतीसमोर 'शब्दकोश' म्हणण्याइतका धीर माझ्यात नव्हता. शालनच्या मावशीनं विचारलं, घड्याळ? मी मान हलवली, म्हणजे नको, काहीच नको. अंगठी? मी मान हलवली. रेडिओ? सायकल? मी जितकं नको म्हणत होतो तितका माझा भाव वाढत होता. हे मला कळेपर्यंत पंगतीतलं हसू थांबलं होतं आणि समोरचा भात गार झाला होता. तेवढ्यात तात्या शेजारून मोठ्यानं म्हणाले, "आवो, दारातली घोडी द्या की जावयाला."

मी दचकून सुभेदारांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. ती नजर मला सोसली नाही. मी मान खाली घातली.

मान खाली गेली म्हणजे जावयानं होकार दिला.

हणमंता तेव्हा जिलबी वाढत होता. विशीच्या उंबरठ्यावरचा, बापाइतकाच उंच होत आलेला. त्या सकाळी गाडी पुसून तिला झेंडूची माळ त्यानंच घातली होती. त्यानं जिलबीचं ताट माझ्या पानाशेजारी अलगद ठेवलं आणि मंडपाबाहेर निघून गेला.

सुभेदारांनी खिशातून किल्ली काढून माझ्या पानाजवळ ठेवली. मागितली, दिली, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सगळं तुमचं, जावईबापू. फक्त सीटला कुणाचा हात लागू देऊ नका. ती मी माझ्या हातानं शिवलीया."

रुसून घेतलेली वस्तू परत करता येत नाही. परत करणं म्हणजे ती देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं. विकण्याचा तर विचारही करायचा नाही.

गाडी चालवायला मी शिकलो. तात्यांच्या ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरनं माळावर शिकवली. चालू असेपर्यंत गाडी उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला सारखीच असते. फरक पडतो तो थांबताना. त्या सीटवर बसलो की माझे दोन्ही पाय लोंबायचे आणि जमीन बुटांच्या खाली वीतभर राहायची.

मग मला रस्त्याला निराळंच काही दिसायला लागलं. दुसऱ्यांना वाटेवर गावं दिसतात, मला ओटे दिसायचे. मैलाचा दगड, पुलाचा कठडा, देवळाचा पार, दूध संस्थेचा कट्टा. बाजूला पाय टेकायला काही उंच असेल तिथंच मी थांबू शकत असे. ज्याच्या दारात ओटा नाही अशा माणसाला मी भेटायला जात नसे. असे दोन चांगले मित्र माझे त्या काळात तुटले. त्यांना वाटलं, गाडी आली आणि ग्रंथपाल बदलला.

शालन मागं बसलेली असली म्हणजे निभायचं. ती एका बाजूला पाय सोडून बसायची आणि गाडी मंद झाली की टुणकन उतरून मागचा दांडा धरायची. मग मी उतरायचो. चावडीपुढं बसणारी मंडळी आम्ही आलो की म्हणायची, "ग्रंथपालांचा ब्रेक आला बघा." शालन त्यांच्यासोबत हसायची. मीही हसायचो, जरा उशिरा.

उपाय केले नाहीत असं नाही. चांभाराकडून बुटांना टायरच्या रबराचे दुहेरी तळवे ठोकून घेतले, तर बूट गियरच्या दांड्याखाली अडकला आणि मी कडब्याच्या गंजीत गेलो. चाकांतली हवा कमी करून पाहिली, तर गाडी म्हशीसारखी डुलायला लागली. सीटच्या अगदी टोकावर बसून पाहिलं. त्यानं मांड्या बधिर व्हायच्या, आणि उतरल्यावर आपले पाय कुठे आहेत ते कळायचं नाही. शेवटी बाजारपेठेतल्या कुशनवाल्या मुलाणींना गाडी दाखवली. त्यांनी सीट दाबून पाहिली आणि कापल्याशिवाय इलाज नाही म्हणून सांगितलं. मी घाईनं गाडी सुरू केली आणि त्यांच्याच दुकानाच्या पायरीवरून निघून आलो.

कारण दर सोमवारी बाजाराला सुभेदार येत. एस.टी.तून उतरले की आधी आमच्या दारी. आणि दारात आल्यावर आधी गाडीपाशी. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा सीटवरून तळहात फिरवायचे आणि मग लेकीची चौकशी करायचे. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: 'आबा, सीट मला थोडी उंच पडते.' आठवडाभर मी ते मनात म्हणत असे. सोमवारी ते विचारायचे, "कशी हाय?" आणि मी म्हणायचो, "छान आहे."

गाडी घरातच उभी ठेवावी, तर तात्या यायचे. दारात पाहुणे असले की मुद्दाम म्हणायचे, "मुरल्या, एक चक्कर मारून दाखव." मी ओट्यावरून गाडीवर चढायचो, चक्कर मारायचो आणि ओट्याशी परत यायचो. पुस्तकांत मी पुष्कळ कैदी वाचले होते. त्यांना निदान भिंती तरी होत्या. मला कुणी कोंडलं नव्हतं. मी नुसता एकदा मान खाली घातली होती.

हणमंता लग्नानंतर महिन्याभरातच फौजेत भरती झाला. बहिणीला पत्रं लिहायचा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं, 'गाडीला जपावे.'

पुढच्या वर्षी शालन बाळंतपणाला माहेरी गेली. माझा पायच माहेरी गेला.

एके दिवशी दुपारी शाळेत फोन आला. सुभेदारांचा होता. कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या होत्या आणि सुईण म्हणत होती, साताऱ्याला न्या. शेजाऱ्यांच्या जीपमधून ते शालनला घेऊन निघत होते. आमच्या घरून कपड्यांची पिशवी घेऊन मी रेल्वेच्या गेटापाशी यायचं, तिथून पुढं सगळे सोबत. मी सायकल मागावी की चालत सुटावं याचा विचार करत उभा होतो, तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "गाडी आहे ना तुमच्याकडे? मग उभे काय राहिलात?"

पिशवी गळ्यात अडकवून मी ओट्यावरून निघालो. वाटेत मी बेत करून ठेवला होता. गेटमनच्या खोलीला दगडी कट्टा आहे, मी नेहमी तिथंच थांबतो, आजही तिथंच थांबायचं.

गेट बंद होतं. कट्ट्याला चिकटून एस.टी. उभी होती. तिच्यापुढे उसाच्या गाड्या, त्यांतल्या एकीचं चाक बरोबर मैलाच्या दगडाला टेकलेलं. अगदी पुढे, गेटाच्या दांड्यापाशी, जीप. पाय टेकायला कुठं टीचभर दगड रिकामा नव्हता. डाव्या हाताला गाड्या वळवायची मोकळी जागा होती. मी तिथं वळलो, आणि थांबता येत नव्हतं म्हणून पुन्हा वळलो.

पहिल्या फेरीला कुणाचं लक्ष नव्हतं. मग एस.टी.च्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "सर, जत्रा भरलीय का?" दुसरा म्हणाला, गेट उघडेपर्यंत ते पेट्रोल संपवणार बहुतेक. उसाच्या गाडीवरचा म्हातारा बैलांचे कासरे आवळून माझ्याकडे बघत होता. पिशवी गळ्यात हेलकावत होती. दर फेरीला मी जीपच्या मागून जायचो आणि आत शालन दिसायची. कपाळाला केस चिकटलेले, पदराचा बोळा दातांत धरलेला. ती दिसायची आणि मी पुढं निघून जायचो. तिच्याजवळ जायला आलो होतो आणि जवळ आलो की लांब जात होतो. एकदा वाटलं, सरळ पडावं, मोकळं व्हावं. पण पडलो तर सीट फाटेल असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, तशा वेळीही माझ्या मनात ते आलं.

आणखी एका फेरीला जीपच्या मागून एक पाऊल बाहेर आलेलं दिसलं. शालनचं. ते जमीन चाचपत होतं. सुभेदारांनी तिचा दंड धरला होता. कुठं निघालीस, गेट उघडंल आता, असं काहीतरी ते म्हणत होते. आणि शालन बोलली. मला ऐकू आलं, बहुधा निम्म्या एस.टी.लाही आलं.

"त्यांचा पाय पुरत न्हाई, आबा. मी धरल्याबिगर त्यांना थांबता येत न्हाई. सोडा मला."

मी त्यांच्या समोरून पुढं गेलो. वळून परत आलो तेव्हा सुभेदार माझ्या वाटेत उभे होते. बुजलेल्या खेचरापुढं उभं राहावं तसे, हात पसरून. मी ब्रेक दाबला. त्यांनी एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्यानं सीटचा मागचा दांडा, आणि गाडी जराही न कलता जागच्या जागी थांबली. मी वर तसाच बसून होतो, दोन्ही पाय हवेत.

"कवापासनं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"लग्नापासून."

"आन् मला म्हणत व्हता, छान हाय."

त्यांनी हँडलवरची मूठ आवळली.

"मान मोडली असती की, जावईबापू. बोलायचं न्हाई?"

"सीटला हात लावू नका म्हणाला होतात," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

आगगाडी आली, डब्यांमागून डबे गेले. तेवढा वेळ ते मला धरून उभे होते. गेट वर गेल्यावर त्यांनी मला खाली उतरवलं, जीपमध्ये लेकीजवळ बसायला सांगितलं आणि स्वतः गाडीवर बसले. साताऱ्यापर्यंत शालननं माझं मनगट सोडलं नाही. कळ आली की आवळायची, गेली की सैल करायची. मागं धुळीत सुभेदार येताना दिसत होते. त्या सीटवर बसलेला माणूस किती सरळ दिसतो, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

पाचवीची पूजा आटोपल्यावर सुभेदार एकटेच गाडी घेऊन कोरेगावला आमच्या घरी आले. हातात फडक्याची गुंडाळी होती. तीत कातडं कापायची रापी, दाभण, दोरा, मेणाचा गोळा, पाना, लोखंड कापायची करवत आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा. गाडी अंगणात स्टँडवर घेतली आणि मला म्हणाले, बसा.

मी बसलो. त्यांनी माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूनं खडूच्या रेघा ओढल्या.

"उंची नडत न्हाई तेवढी रुंदी नडतीया," ते म्हणाले. "मांड्या फाकल्या की पाय आखूड हुतो."

मग मला उतरवून सीट खोलली आणि स्वतःची शिवण स्वतः उसवायला बसले. एकेक टाका. कातडं फाडलं नाही, सोललं. खालचा काथ्या समोरच्या अंगानं दोन्हीकडून तासून टोक निमुळतं केलं. वरून फार काढलं नाही. काथ्या थोडा कमी करून त्या जागी नमदा घातला, म्हणजे पातळ असूनही दबत नाही. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचे वेढे सारखे कमी केले आणि पुढचा बोल्टही तेवढाच खाली घेतला. नाहीतर माणूस टाकीवर घसरतो. स्प्रिंगा मुळीच काढू नका, कुणी सांगितलं तरी, कंबर जाईल, असं दोनदा बजावलं.

"आन् दोनी पाय टेकायची हाव धरू नका. एक चवडा टेकला की बास. टाच टेकंपर्यंत कापाल तर बसायला काय राहील?"

ते शिवत होते आणि मी दोरा मेणावरून ओढून देत होतो. एक बाजू शिवून झाली. मग ते कातड्याकडे बघतच म्हणाले, "हणमंता चौदा वर्साचा व्हता. म्हनला, आबा, जरा कमी करा की, माझा पाय पुरत न्हाई. मी म्हनलं, सीट खाली येणार न्हाई, तू वर ये. मग रोज आंब्याच्या फांदीला लोंबायचा पोरगा. उंच हुयाला."

दाभण कातड्यातून पलीकडे गेली. ती त्यांनी चिमटीत धरून ओढली.

"पाय पुराया लागलं, आन् तुम्ही मान खाली घातली."

मी दोरा ओढायचा थांबलो.

"तुमाला बोल लावत न्हाई. तवाच कापाया पायजे व्हती. किती येळचं काम हाय? बघताय न्हवं." त्यांनी शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला. "मी कापली म्हून त्याला सांगू नका."

"मग काय सांगू?"

"काय बी सांगा."

त्यांनी सीट चढवली, गाडी स्टँडवरून उतरवली आणि मला पुन्हा बसवलं. मी डावा पाय सोडला. बुटाचं टोक अंगणातल्या मातीला लागलं, मग चवडा टेकला. मी उजवा पाय वर घेतला, तरी गाडी उभीच. वर पाहिलं तर ते रापी फडक्यात गुंडाळत होते. चहाला थांबले नाहीत. एस.टी.ची वेळ झाली म्हणाले.

मुलीच्या जावळाला हणमंता रजेवर आला. खडकवाडीला घरात येण्याआधी तो गाडीपाशी गेला आणि बापासारखाच सीटवरून तळहात फिरवायला लागला. टोकाशी, जिथं सीट निमुळती झाली होती, तिथं तो हात थांबला. त्यानं वाकून पाहिलं. कातडं जुनंच होतं, शिवण तेलानं काळी केलेली होती, त्यातून त्याला काही कळलं नाही.

"दाजी, सीट कुणी कापली?"

सुभेदार ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा असं त्या नजरेत नव्हतं, बोला असंही नव्हतं. ते नुसतं बघत होते. शालन दारात उभी होती.

या वेळी मी मान खाली घातली नाही. "मी कापून घेतली," म्हणालो.

"कुणाकडनं?"

"बाजारात. कुशनवाल्याकडून."

"आबांनी एवढं एकच सांगितलं होतं तुम्हाला." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "गाडी मागितली, त्याचं मी काही म्हटलं नाही. पण ती त्यांनी शिवली होती." मग बापाकडे वळून म्हणाला, "तुम्ही काही बोलला नाहीत, आबा?"

सुभेदार म्हणाले, "त्यांची गाडी हाय."

हणमंता जेवला नाही, संध्याकाळच्या एस.टी.नं निघून गेला. त्याच्या पत्रांतली 'गाडीला जपावे' ही ओळ त्यानंतर कधी आली नाही.

अंगणातलं सगळं शालनला मी आधीच सांगितलं होतं. त्या रात्री तिनं मला विचारलं, तुम्ही अंगावर का घेतलं. मी म्हटलं, त्यांनी सांगू नका म्हणून सांगितलं होतं. ते खरं होतं, पण पुरतं खरं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. सुभेदारांसाठी बोललो, हणमंताला वाईट वाटू नये म्हणून बोललो, की फक्त कुणीतरी विचारतंय म्हणून तोंडाला येईल ते बोलून सुटलो? माझ्यासारख्या माणसाचं मन मोठं झालं की तो नुसता घाबरला, हे बाहेरून सारखंच दिसतं.

काही वर्षांनी सुभेदार वारले. तेराव्याला हणमंता आणि मी एका पंगतीला शेजारी बसलो होतो. माझ्याकडे वाक्य तयार होतं. पण 'आबांनी कापली' म्हणायचं म्हणजे त्याला काय सांगायचं? की जे त्यांनी पोटच्या पोरासाठी केलं नाही ते मागून आलेल्या जावयासाठी केलं. बाप गेलेल्या माणसाच्या पानात हे कसं वाढायचं? मी भात कालवत राहिलो. पुढं जितकी वर्षं गेली तितकं ते वाक्य जड होत गेलं. गाडी मी निवृत्त होईपर्यंत चालवली. ती आता परसात ताडपत्रीखाली आहे. सीट मात्र मी घरात ठेवली आहे, पुस्तकांच्या कपाटावर.

गेल्या आठवड्यात एका सकाळी शालननं चहा आणला आणि कप पत्रावर न ठेवता टेबलावर ठेवला. मला चुकल्यासारखं झालं. मी पत्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"त्याची नात शिकतीय गाडी," ती म्हणाली. "तिला त्यानं उंच हो म्हटलं न्हाई. सीट खाली कशी घ्यायची ते विचारत बसलाय, या वयात. तेबी तुम्हाला."

मी म्हटलं, आबांनी सांगू नका म्हटलं होतं.

"आबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कापली ती एक. आन् शिवताना बोलले ती एक. एकीपायी दुसरीबी दाबून ठेवलीत." ती कप उचलायला वाकली. "ती दुसरी त्याची हाय. तुमची न्हाई, माझीबी न्हाई."

मी त्या दिवशी लिहायला बसलो. कशी, ते आधी लिहिलं. मांड्यांच्या आतून खडूनं रेघ ओढावी. रुंदी आधी, उंची मग. हल्लीच्या गाड्यांना सीटखाली स्प्रिंगा नसतात, फोम असतो. तो मधून खणू नये, समोरून दोन्ही अंगांनी निमुळता करावा, आणि काढलेल्या जागी पातळ पण घट्ट थर द्यावा. मुलीला गाडीवर बसवूनच कापायला सांगावं, नुसती सीट दुकानात पाठवू नये. तिला दोन्ही टाचा टेकायची हाव धरू देऊ नये. एक चवडा टेकला की पुरे. तोवर थांबायच्या जागा पाहून ठेवाव्यात, आणि मागं कुणी उंच माणूस बसवावं.

मग एक ओळ रिकामी सोडली आणि पुढचं लिहिलं.

'कुणाकडून, असं तुम्ही विचारलं आहे. हणमंतराव, सीट आबांनी कापली. आमच्या अंगणात बसून, स्वतःची शिवण स्वतः उसवून. कापली माझ्यासाठी, पण त्या वेळी ते बोलले तुमच्याविषयी. तुम्ही चौदा वर्षांचे असताना जरा कमी करा म्हणाला होतात, ते त्यांच्या लक्षात होतं. तुम्ही आंब्याला लोंबायचात तेही होतं. तेव्हाच कापायला पाहिजे होती, असं ते म्हणाले. तुम्हाला सांगू नका, असंही म्हणाले. सीट माझ्याकडे आहे. नातीला घेऊन या आणि घेऊन जा.'

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही. पाकीट चिकटवलं आणि आम्ही दोघं पोस्टापर्यंत चालत गेलो. तिथली पेटी भिंतीवर जरा उंच लावलेली आहे. शालननं हात पुढं केला. आणा, मी टाकते, म्हणाली.

मी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ नको असाच होता. चवड्यांवर उभा राहिलो आणि पत्र आत सोडलं.